फरक दाखवायचा राहिला

वनू, परवा तुझा फोटो नरपडला तुझ्या आईच्या घरात लागला. तो मी केला आहे. तो तुझ्यासारखा झाला आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. आणि जी व्यक्ती लांबून एक नजर टाकून ते सांगू शकली असती, तिचाच तो फोटो आहे. एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याची मला सवय नाही. म्हणून तुलाच सगळे क्रमाने सांगते. तुला क्रमाने सांगितलेले आवडत नसे, हे लक्षात आहे. तू मध्येच थांबवायचीस आणि म्हणायचीस, ‘मॅडम, शेवट सांग.’ शेवट माझ्याकडे नाही.

तू जे करायचीस त्याला आपल्या भागात कुणी चित्र म्हणत नाही. तलासरीच्या त्या लहानशा स्टुडिओत येणारे गिऱ्हाईक म्हणे, ‘फोटो बनवायचाय.’ घरातले माणूस गेलेले असे. हातात मतदार कार्ड, पासबुकावरचा पुसट शिक्का बसलेला फोटो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला मांडवाखालचा ग्रुप फोटो, ज्यात गेलेल्याचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. तो मोठा केला की पडद्यावर नुसते चौकोन उरत. त्या चौकोनांवर तू नवा लेयर घ्यायचीस, म्हणजे चित्रावर एक पारदर्शक काच ठेवल्यासारखे, आणि टॅब्लेटवर पेन टेकवून अख्खा चेहरा नव्याने रंगवायचीस. त्याला डिजिटल पेंटिंग म्हणतात, हे मी पहिल्यांदा सांगितले तेव्हा तू काउंटरकडे ओरडलीस, ‘जयेशभाई, पाटी बदला! आपण पेंटर निघालो!’ स्टुडिओचे मालक जयेशभाई तेव्हा पासपोर्ट फोटो कापत होते. ते कात्री न थांबवता गुजरातीत म्हणाले, ‘पहेलां वीजबिल तो भर, बेन.’ पाटीआधी वीजबिल भर म्हणे.

आपली ओळख भांडणातून झाली. २०१४ साली बारावीनंतर बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी मला फोटो हवे होते. बाबा तलासरीच्या शाळेत शिकवत, म्हणून डहाणूतले स्टुडिओ सोडून मी तुमच्याकडे आले. पाकीट उघडले आणि माझ्या वरच्या ओठावरचा तीळ गायब.

‘माझा तीळ कुठे गेला?’

‘तीळ होता तो? मला वाटलं लेन्सवरचा कचरा. साफ केला.’

‘मला न विचारता?’

‘चांगली दिसतेस की गो! तक्रार कसली?’

‘मला चांगली नाही, माझ्यासारखी दिसायचंय.’

तू तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलेस. ‘बस तिकडे,’ म्हणालीस. एकदा ओठाकडे पाहिलेस, पेन उचललेस आणि तीळ परत ठेवलास, नाकाच्या बाजूला जरा सरकवून. घरी जाईपर्यंत ते माझ्या लक्षात आले नाही. पदवीची तीन वर्षे माझ्या ओळखपत्रावर माझा तीळ चुकीच्या जागी राहिला आणि कुणाच्याही तो लक्षात आला नाही.

तुझ्यावर मात्र त्या भांडणाचा परिणाम झाला होता. सुट्टीत परत आले, तेव्हा तू प्रत्येक कुटुंबाला एक प्रश्न विचारू लागली होतीस, ‘खूण कुठली ठेवू?’ नाव, वय, आकार हे सगळे नंतर. आधी खूण. लोक आधी गोंधळत आणि मग बोलू लागत. एका पाड्यावरून आलेला माणूस आठवतो, त्याची आई गेली होती. उंबऱ्याकडे पाहत तो म्हणाला, ‘गोंदण ठेव. दात नको दाखवू. दातांची तिला लाज वाटं.’ तू तोंड मिटलेले रंगवलेस, पण ओठ असे ठेवलेस की दात लपवणारी बाई दिसावी. तो फोटो पाहून तो माणूस हसला. रडेल असे वाटले होते मला.

पुढच्या प्रत्येक सुट्टीत मी डहाणूहून जीपने तुझ्याकडे येत राहिले. मला शिकायचे होते. पदार्थविज्ञानात पुढे जायचे आणि विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चित्रेही काढायची, अशी माझी योजना होती. त्यासाठी मला स्वतःची शैली हवी होती, आणि कोणतीही गोष्ट हवी असेल तर तिचे घटक वेगळे करावेत हे मला शिकवले गेले होते. ब्रश म्हणजे शेवटी आकड्यांचा संच. ठशाचा आकार, कडेचा कठीणपणा, रंग किती झिरपू द्यायचा, पेनाच्या दाबाला किती प्रतिसाद द्यायचा, दोन ठशांमधले अंतर किती. माझ्या ब्रशांची नावे ‘त्वचा-तीन-कठीण-चाळीस’ अशी असत. तू तुझे ब्रश स्वतः बनवायचीस. नरपडच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळीवर मीठ सुकून जो पांढरा थर बसतो, त्याचा फोटो काढून तू त्याचा ठसा केला होतास. त्याचे नाव ‘खारं’. म्हाताऱ्या माणसांच्या गालासाठी तो. ‘ओलं’ नावाचा दुसरा, डोळ्यांखाली. तिसऱ्याचे नाव ‘काय माहीत’. तो कशासाठी, असे विचारले तर तू म्हणायचीस, ‘नावातच सांगितलंय.’

तिसऱ्या वर्षी मी तुझी ब्रशांची फाइल मागितली आणि तू लगेच दिलीस. माझा तर्क सरळ होता. शैली जर ब्रशात असेल, तर तुझे ब्रश वापरून मलाही तुझ्यासारखा चेहरा काढता यायला हवा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोटो आलेला होता. मी तुझे सगळे आकडे जसेच्या तसे ठेवून तो केला. सावल्यांचा क्रम तुझा, रंग तुझे, पार्श्वभूमीचा निळा तुझा. तू खुर्ची मागे ढकलून पाहिलेस.

‘चांगला झालाय.’

‘पण?’

‘पण हा मेलेला वाटतो.’

‘वनू, तो मेलेलाच आहे.’

‘आहे गो. पण माझे मेलेले असे वाटत नाहीत.’

जयेशभाई चहाचा कप हातात धरून हसू लागले. ‘सवार सवारमां आवी वातो, बेन?’ सकाळी सकाळी असल्या गप्पा नकोत, म्हणून त्यांनी देवाला उदबत्ती ओवाळली. मी हसले नाही. मी म्हणाले, ‘फरक कुठे आहे? बोट ठेवून दाखव.’

‘दाखवीन. आत्ता गर्दी आहे.’

गर्दी नव्हती. एक माणूस झेरॉक्ससाठी उभा होता, एवढेच.

त्यानंतर मी तो फरक स्वतःच शोधू लागले. पहिला अंदाज नजरेचा होता. गेलेल्यांचे फोटो आपल्याकडे दाराच्या वर, जरा पुढे झुकवून लावतात. तू पापण्या किंचित खाली आणायचीस, त्यामुळे खाली जेवायला बसलेल्याकडे फोटोतला माणूस पाहतो आहे असे वाटे. हे सापडल्यावर मी इतकी खूश झाले की धावत येऊन तुला सांगितले. तू तोंडात सुपारी घोळवत ऐकून घेतलेस आणि संगणकावरचा एक फोटो उघडलास. त्यातली म्हातारी सरळ आभाळाकडे पाहत होती. ‘ही पण बरी आहे ना?’ म्हणालीस. बरी होती. जिवंतच होती. माझा अंदाज तिथेच संपला.

दुसरा अंदाज कडांचा. चेहऱ्याची एक बाजू तू नीट बांधायचीस आणि दुसरी सोडून द्यायचीस. कान, केस, खांदा पार्श्वभूमीत विरून जात. मीही तसे केले. तू काढलेले कान अंधारात गेल्यासारखे वाटत. माझे पुसल्यासारखे.

तिसरा अंदाज भूकंपाच्या दिवसांतला. २०१८च्या अखेरीपासून आपल्याकडे जमीन सारखी हलू लागली, लोक घराबाहेर ताडपत्र्या टाकून राहू लागले, आणि तू मात्र स्टुडिओत बसून फोटो बनवत होतीस. मी तेव्हा एम.एस्सी.च्या सुट्टीवर आले होते. एका दुपारी तू एका माणसाची भुवई काढत असताना धक्का बसला. काचेची कपाटे वाजली, जयेशभाई बाहेर पळाले, मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. तू जागेवरच होतीस. थरथरलेल्या हाताने ओढलेली ती रेघ भुवईवरून कपाळावर चढली होती.

‘मागे घे ती,’ मी दारातून म्हणाले.

‘का?’

‘हात हलला तुझा.’

‘हात नाही, तलासरी हलली. हा माणूस इथलाच आहे. त्याला चालेल.’

आणि तू ती रेघ ठेवलीस. तिच्यावरून एक हलका हात फिरवलास, तेव्हा ती कपाळावरची आठी झाली. मग मी तुझी सेटिंग्ज तपासली. रेघ आपोआप सरळ करणारी सोय तू पूर्ण बंद ठेवली होतीस. माझी कायम वरच्या टोकाला असे. मला वाटले, सापडले. घरी येऊन मीही ती बंद केली. माझ्या रेघा नुसत्या वाकड्या आल्या.

यातूनच आपले मोठे भांडण झाले, आणि ते अजून मिटलेले नाही. मी माझी चित्रे इंटरनेटवर टाकायचे. लोक ‘छान’ म्हणत. तू एक पाहून म्हणालीस, ‘छान आहे, पण कुणाचंही असू शकतं.’ मला ते लागले. मी म्हणाले, ‘आणि तुझे सगळे मेलेले एकमेकांचे नातेवाईक वाटतात.’ हे खोटे नव्हते. पाड्यापाड्यांवरचे, किनाऱ्यावरचे, कधी एकमेकांना न भेटलेले लोक. पण तुझ्या फोटोंत त्या सगळ्यांच्या ओठांच्या कडा एकाच प्रकारे थांबत. मी तुला समजावले की मोजमापात दोन प्रकारच्या चुका असतात. एक कधी इकडे, कधी तिकडे होते. ती अनेकदा मोजले की निघून जाते. दुसरी दर वेळी एकाच दिशेने होते. कितीही वेळा मोजा, ती दिसत नाही. तिला पद्धतशीर त्रुटी म्हणतात.

‘म्हणजे मी नेहमी एकसारखी चुकते?’

‘हो. शैली म्हणजे तेच असावं.’

‘आणि तू?’

‘मी चुका दुरुस्त करते.’

‘मग तुला शैली येणार कशी गो?’

 तू विजयाने हसली असतीस तर बरे झाले असते. तू हसली नाहीस. पडद्याकडे वळलीस आणि स्वतःचेच जुने फोटो एकेक उघडून त्यांचे ओठ पाहत बसलीस. संध्याकाळी जीपपर्यंत सोडायला आलीस तेव्हा म्हणालीस, ‘सगळे आमच्या आईसारखे थांबतात का गो तोंडाशी?’ मी म्हटले, ‘पुढच्या वेळी मावशीला नीट पाहून सांगते.’ जीप सुटली. पुढची वेळ तुझ्या तापानंतर आली.

तो ताप कसा वाढला, कोणत्या दवाखान्यात काय सांगितले, हे सगळे तुला माहीत आहे आणि मला त्यात कार्यकारण सापडत नाही. मी नरपडला आले तेव्हा मावशी, तुझी आई, ओट्यावर बसली होती. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते; ते कुणीतरी शेजारणीने घातले असावेत. ती मला म्हणाली, ‘साऱ्या गावाचे फोटो तिने बनवले. तिचा कोण बनवणार? बाराव्याला लावायचाय. तू बनव.’

नाही म्हणण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. मी काढलेले चेहरे मेलेले वाटतात, हे मी तिला कसे सांगणार होते?

शोधू लागले तर तुझे फोटोच नव्हते. तू कायम कॅमेऱ्यामागे. शेवटी तुझ्या मोबाइलवर तुझे तूच काढलेले तीन फोटो मिळाले. एकात जीभ बाहेर, एकात अर्धा चेहरा माझ्या खांद्यामागे, तिसऱ्यात तू ठीक, पण उन्हाने डोळे बारीक केलेले. तिन्हींत डाव्या भुवईवर ती खूण स्पष्ट होती, लहानपणी बोंबलांच्या बांबूवर आपटून पडलेली. निदान एक गोष्ट निश्चित आहे, याचे मला बरे वाटले.

जयेशभाईंनी तुझा संगणक सुरू करून दिला आणि ते बाहेर जाऊन बसले. ब्रशांच्या यादीत ‘खारं’, ‘ओलं’, ‘काय माहीत’. मी पेन हातात घेतले आणि अडले. तुझे ब्रश घेतले तर ती तुझी नक्कल होईल, आणि ती नक्कल आधी एकदा फसली आहे. माझे घेतले तर ‘कुणाचीही’ मुलगी होईल. दोन्ही पर्याय चुकीचे ठरले की मी तिसरा शोधते. मी दोन्ही फाइली बंद केल्या आणि सगळ्यात साधा, गोल, कठीण कडेचा ब्रश घेतला, जो कुठल्याही संगणकात आधीपासून असतो. ना मीठ, ना आकडे. रेघ सरळ करणारी सोयही बंद. वाटले, यात कुणाचीच शैली नसेल. निदान चेहरा खरा येईल.

कसा आला, ते मला सांगता येत नाही. कान कधी विरला, ओठ कधी थांबले, लक्षात नाही. मध्ये एकदा मी मोठ्याने म्हणाले, ‘जरा सरळ बस ना,’ आणि जयेशभाईंनी बाहेरून विचारले, ‘मने कह्युं?’ नाही, तुम्हांला नाही, असे मी सांगितले.

आणि मग मी एक गोष्ट केली, जी मी कधीच करत नाही. तुझा नियम होता: माणूस पुरा झाला की सगळे लेयर एकत्र करून टाकायचे, ‘नाहीतर आयुष्यभर त्याचं नाक सरळ करत बसशील.’ मी नेहमी सगळे लेयर जपून ठेवणारी, प्रत्येक टप्पा तपासता यावा म्हणून. तुझ्या फोटोच्या वेळी माझ्या हाताने विचार न करता ते एकत्र केले आणि फाइल छपाईला दिली. म्हणजे आता मागे जाऊन, कोणती रेघ केव्हा आली, कोणती माझी आणि कोणती तुझी, हे पाहायची सोयच उरलेली नाही.

मावशीने फोटो घेण्याआधी हात धुतले, पदराला पुसले. काचेची फ्रेम मांडीवर ठेवून ती पाहू लागली. मग म्हणाली, ‘हा वनूनं काढलाय.’

‘नाही मावशी. मी काढला.’

‘तू छापून आणलास गो. काढला तिने. तिचा हात मला नाय कळत?’

 मला एकाच वेळी खूप आनंद झाला आणि फार वाईट वाटले, आणि त्यांतले कोणते कशाबद्दल, हे मला वेगळे करता येईना. तेवढ्यात तिने तुझ्या भुवईवर बोट ठेवले. मग तेच बोट स्वतःच्या उजव्या भुवईवर नेले.

‘ही खूण इकडे होती.’

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले तिन्ही फोटो आरशासारखे उलटे होते. भांग उलटा, खूण उलटी, सगळा चेहरा उलटा. तिन्ही पुरावे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते आणि तिन्ही एकाच दिशेने चुकलेले. पाच वर्षे तुझा चेहरा समोर असून मला शंका आली नाही. आणि जो प्रश्न तू प्रत्येक उंबऱ्यावरच्या माणसाला आधी विचारायचीस, तो मी तुझ्या आईला विचारलाच नव्हता. ब्रश कोणता घ्यावा यातच मी गुंतले होते.

‘मावशी, एका बटणाचं काम आहे. उलटा करून पुन्हा छापून आणते. उद्याच आणते.’

‘नको.’

‘पण चुकीचं आहे ते.’

तिने पदराने काच पुसली. काचेवर काही नव्हते. ‘आरशात ती स्वतःला अशीच दिसायची ना? मग तिने अशीच काढली असती. राहू दे.’

मी तिच्या तोंडाकडे पाहिले. तुला वचन दिल्याप्रमाणे नीट पाहिले. बोलून झाल्यावर ओठांची कड कुठे आणि कशी थांबते, ते पाहिले. काय दिसले, ते तुला भेटून सांगण्यासारखे होते.

आता फोटो दाराच्या वर आहे, जरा पुढे झुकवलेला. शेवंतीचा हार आहे. बाराव्याचे जेवण झाले, माणसे पांगली, मी एकटीच खाली बसले होते. तू माझा तीळ सरकवलास, मी तुझी खूण. त्या हिशेबाने आपली फिट्टंफाट झाली. पण मावशी म्हणते तसा हात तुझा असेल, तर माझा कुठे गेला? आणि हात माझा असेल, तर तो इतक्या वर्षांनी, नेमका याच चेहऱ्यावर का सापडावा? मला माहीत नाही.  खुर्ची मागे ढकलून तू जिथून पाहायचीस, साधारण तेवढ्या अंतरावर सरकून बसले.

‘चांगला झालाय,’ मी म्हणाले.

‘पण?’ हेही मीच म्हणाले.

पुढचे वाक्य तुझे आहे.